कुशीतली कळ : मुतखड्याच्या रुग्णाला पहिली तपासणी कोणती?

मुतखडा मूत्रपिंडात पडून असतो तोवर बहुधा गप्प असतो. तो आहे हे अनेकांना वर्षानुवर्षे कळतही नाही. तो सरकून मूत्रवाहिनीत उतरला आणि अडकला, की वरचे मूत्र तुंबते, मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळ्या फुगू लागतात, बाहेरच्या आवरणावर ताण येतो आणि कळ सुरू होते. ती पाठीत बरगडीखाली उठते, कुशीतून पुढे येते, जांघेत उतरते. पुरुषांना अंडकोशापर्यंत जाणवते. सोबत मळमळ, उलटी, लालसर लघवी. मूत्रवाहिनी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीची नळी आहे आणि तिच्या वाटेत तीन अरुंद जागा आहेत : मूत्रपिंडातून बाहेर पडतानाची, ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून जातानाची आणि मूत्राशयात शिरतानाची. शेवटची सर्वांत अरुंद. बहुतेक खडे या तिन्हींपैकी कुठेतरी अडतात.

अपेंडिक्स फुटलेला रुग्ण पोटाला धक्का लागू नये म्हणून निपचित पडून राहतो. मुतखड्याच्या रुग्णाचे नेमके उलटे असते. तो बसतो, उठतो, फेऱ्या मारतो, कॉटच्या कठड्याला धरून वाकतो, जमिनीवर लोळतो. अनुभवी परिचारिका दारातूनच ओळखते आणि बहुतेक वेळा तिचे बरोबरही असते. अडचण उरलेल्या वेळांची आहे. पोटातल्या मुख्य धमनीचा फुगा फुटू लागला तरी कळ कुशीतच येते. स्त्रीच्या गर्भनलिकेत राहिलेला गर्भ, पीळ पडलेली बीजांडकोशाची गाठ, पीळ पडलेला वृषण, उजव्या बाजूचे अपेंडिक्स, हे सगळे आजार सुरुवातीच्या काही तासांत मुतखड्याचे सोंग घेऊ शकतात. म्हणून चित्र काढणारी तपासणी लागते. ती कोणती, किती तातडीने आणि कोणासाठी, हे ठरवणे आपत्कालीन विभागातल्या रोजच्या निर्णयांपैकी एक आहे. आणि हा निर्णय अनेकदा विचाराने न होता सवयीने होतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही असलेल्या नगरमध्ये, या निर्णयाला अंतराचे वजन आहे. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ४५ लाख लोक. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई-भंडारदऱ्याचा डोंगराळ, आदिवासी मुलूख. मध्ये प्रवरा आणि गोदावरीच्या पाण्यावरचा उसाचा पट्टा. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हे पाण्याची वाट पाहणारे तालुके. लोणीला प्रवरा इन्स्टिट्यूटचे ग्रामीण रुग्णालय आणि विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिर्डीला साईबाबा संस्थानची रुग्णालये आहेत, नगर शहरात जिल्हा रुग्णालय, म्हणजे ‘सिव्हिल’, आणि आनंदऋषीजी रुग्णालयासारख्या संस्था आहेत. पण जामखेडहून नगर सुमारे ७५ किलोमीटर. राजूरच्या वरच्या वाडीतल्या माणसाला आधी अकोले गाठायचे, मग संगमनेर. साधा एक्स-रे तालुक्याला मिळतो, सोनोग्राफी बहुतेक तालुक्यांच्या गावी दिवसा मिळते; रात्री दोन वाजता सीटी स्कॅन हवा तर गाडी करून निघावे लागते.

शिवाय मुतखडा होण्याची कारणे जिल्ह्याच्या मातीतच आहेत. ऊन, घाम आणि पोटात पुरेसे न जाणारे पाणी यांनी लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार विरघळलेले राहत नाहीत, त्यांचे स्फटिक बनतात. गळीत हंगामात पहाटे फडात शिरलेली ऊसतोडीची टोळी दुपारपर्यंत बाहेर येत नाही. कळशीतले पाणी तापलेले, तेही मोजके. बायांचे हाल आणखी वेगळे : आडोसा नसतो, म्हणून त्या मुद्दामच पाणी कमी पितात. पाण्यातल्या क्षारांमुळे खडे होतात असा समज गावोगाव आहे. प्रत्यक्षात पाणी जड की हलके यापेक्षा ते किती प्याले जाते, याला कितीतरी जास्त महत्त्व आहे.

अशा टोळीतला तिशीचा एखादा मजूर रात्री अकराला मुकादमाच्या मोटारसायकलवर ग्रामीण रुग्णालयात येतो, तो प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. सदरा घामाने भिजलेला, डाव्या कुशीवर मूठ दाबलेली. सोबतचा सांगतो, “डॉक्टर, संध्याकाळपासून लोळतोय, दोनदा वकला.” या घटकेला कोणत्याही यंत्राची गरज नसते. आधी कळ थांबवायची. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन हे या कळीवरचे सर्वांत उपयोगी साधे औषध आहे. कतारमधल्या दोहा येथे सोळाशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात ते मॉर्फिनपेक्षा सरस ठरले. मूत्रपिंड आधीच अधू असेल, पोटात व्रण असेल किंवा स्त्री गरोदर असेल तर ते द्यायचे नाही, एवढे पथ्य. ‘आधी रिपोर्ट आणा, मग इंजेक्शन’ ही पद्धत काही ठिकाणी अजून दिसते. ती चुकीची आहे आणि निष्ठुरही. कळ उतरलेला रुग्ण नीट बोलतो, नीट झोपतो, पोट तपासू देतो, आणि त्याची सोनोग्राफीही चांगली होते.

इंजेक्शन लागू पडेपर्यंतच्या वीस मिनिटांत निम्मे काम उरकते. ताप आहे का, नाडी आणि रक्तदाब किती, याआधी कधी खडा पडला होता का, मूत्रपिंड दोन्ही आहेत ना, मधुमेह आहे का. लघवीत रक्तपेशी दिसल्या तर संशय बळावतो. पण खडा असलेल्या दर दहा रुग्णांत साधारण एकाच्या लघवीत रक्त सापडत नाही, त्यामुळे लघवी स्वच्छ म्हणून खडा नाही असे म्हणता येत नाही. पाळी येण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची गर्भचाचणी, मग ती काहीही सांगो. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती काम करते याचा अंदाज. हे सगळे तालुक्याला होते आणि पुढची तपासणी कोणती, याचे उत्तर बहुतांशी यातच असते.

रुग्ण विचारतो, नातेवाईक विचारतात आणि डॉक्टरही स्वतःला विचारतो, की खडा आहे का, केवढा आहे, कुठे आहे. आपत्कालीन रात्रीचे प्रश्न मात्र वेगळे असतात. तुंबलेल्या मूत्रपिंडात पू झाला आहे का? दोन्ही बाजू किंवा एकुलते एक मूत्रपिंड बंद पडले आहे का? हे दुखणे दुसऱ्याच, जीवघेण्या आजाराचे आहे का? यांची उत्तरे ‘नाही’ आली, तर खडा चार मिलिमीटरचा की सहाचा हे उद्या सकाळी कळले तरी काही बिघडत नाही. कारण उपचार दोन्हींत तोच : वेदनाशामक औषध आणि वाट पाहणे. पाच मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश आपोआप पडून जातात. पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांपैकी जवळजवळ निम्मे. तपासण्यांची निवड या प्रश्नांच्या क्रमाने केली तर सोपी होते आणि खड्याच्या मागे लागून केली तर अवघड होते.

या क्रमाला सर्वांत जवळची तपासणी म्हणजे सोनोग्राफी. पोटावर थंडगार जेल, त्यावर फिरणारा प्रोब, अंधाऱ्या खोलीत करड्या रंगाचा पडदा. “श्वास घ्या, धरून ठेवा.” निरोगी मूत्रपिंड पडद्यावर घेवड्याच्या दाण्यासारखे दिसते : कडेला गडद करडा गर, मध्ये पांढरा, दाट गाभा. मूत्र तुंबले की त्या पांढऱ्या गाभ्यात काळे पाणी शिरते; आधी एक फट, मग फांद्या फुटलेली काळी आकृती, जास्त तुंबल्यावर हाताच्या पंजासारखी. ही सूज ओळखायला फार कसब लागत नाही. खडा दिसला तर पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते, कारण ध्वनिलहरी त्याला भेदून पुढे जात नाहीत. रंगीत डॉप्लर लावला तर खड्यामागे लाल-निळी चमचम दिसते. सावली न टाकणारे बारीक खडेही त्यामुळे कधी कधी हाती लागतात. मूत्राशय भरलेले असेल तर ते खिडकीसारखे काम करते : त्याच्या तोंडाशी अडकलेला खडा दिसतो आणि दोन्ही बाजूंनी मूत्राची पिचकारी येते की नाही हेही पाहता येते. ‘पाणी पिऊन लघवी थांबवा’ असे सांगतात ते याचसाठी. मात्र मूत्राशय अती तट्ट झाले तर मूत्रपिंडात थोडी खोटी सूज दिसू शकते. अनुभवी डॉक्टर अशा वेळी रुग्णाला लघवी करून यायला सांगतो आणि पुन्हा पाहतो.

त्याच पाच-दहा मिनिटांत प्रोब पोटाच्या मधोमध ठेवून मुख्य धमनी पाहता येते, पोटात रक्त साठले आहे का ते कळते, पित्ताशय आणि गर्भाशय दिसते. किरणोत्सर्ग नाही, इंजेक्शन नाही. एका यंत्रात एवढे प्रश्न सुटतात हे या तपासणीचे खरे मोल आहे.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या वायूमागे दडतो आणि नेमके तिथेच अडकलेले खडे दिसत नाहीत. युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शिका सांगते, की मूत्रवाहिनीतल्या दर शंभर खड्यांपैकी सुमारे ४५ सोनोग्राफीत दिसतात. पण जिथे ती ‘खडा आहे’ म्हणते तिथे तो बहुधा असतोच. बारीक खड्याचा आकार ती मोठा दाखवते. कळ सुरू होऊन तास-दोन तास झाले असतील किंवा रुग्ण पाण्याविना सुकलेला असेल, तर सूज अजून आलेली नसते. फडातून थेट आलेल्या मजुराच्या बाबतीत हे विसरून चालत नाही. आणि पाहणाऱ्याच्या हाताला फार महत्त्व आहे.

हाताचा मुद्दा आला की महाराष्ट्रात कायद्याचा मुद्दा येतोच. अमेरिकेत किंवा युरोपात आपत्कालीन विभागातला डॉक्टर खिशातून स्टेथोस्कोप काढावा तसा प्रोब काढतो. इथे तसे करता येत नाही आणि त्यामागे जुनी जखम आहे. गर्भलिंग तपासून मुलींचे गर्भ पाडले जात होते. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, या तपासणीविरुद्ध कायदा केला. १९९४चा केंद्रीय कायदा १९९६पासून लागू झाला आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्र आणि त्याची जागा नोंदवावी लागते, गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीचा ‘एफ’ अर्ज भरावा लागतो, नियम मोडला तर यंत्राला सील लागते. २०१२च्या नियमांनी फिरते यंत्र नोंदणी असलेल्या रुग्णालयाच्या आवारातच, तेही तिथल्या दाखल रुग्णांसाठी वापरण्याचे बंधन घातले आणि एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन ठिकाणी नोंदणीची मुभा ठेवली. २०१४ साली एमबीबीएस डॉक्टरांसाठी पोटाच्या सोनोग्राफीचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण नियमांत आले.

चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात ‘एक डॉक्टर, दोन ठिकाणे’ याचा अर्थ सरळ आहे : रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तालुक्याला येणार आणि रात्री यंत्र कुलुपात राहणार. यावर कायदा ढिला करण्याची मागणी होते, ती मान्य होण्यासारखी नाही. ज्या अपराधासाठी तो आला तो अपराध अजून संपलेला नाही. पण कायद्याच्या चौकटीतच वाट आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या यंत्राची जागा रीतसर नोंदवता येते, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ते सहा महिन्यांचे प्रशिक्षण देता येते. मूत्रपिंडाला सूज आहे की नाही, पोटात रक्त आहे की नाही, धमनी फुगली आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी रात्री पाहणारा माणूस तालुक्याला असला, तर नगरकडे धावणाऱ्या किती गाड्या थांबतील, याचा विचार आरोग्य खात्याने मनावर घ्यायला हवा.

साधा एक्स-रे ही तालुक्यात सर्वांत सहज मिळणारी तपासणी आणि म्हणूनच सर्वांत जास्त वेळा विनाकारण होणारी. कॅल्शियमचे खडे त्यात दिसतात, युरिक आम्लाचे दिसत नाहीत. आतड्यातला मळ आणि वायू चित्र झाकतात. ओटीपोटातल्या शिरांमधल्या चुन्याच्या गोळ्या हुबेहूब खड्यासारख्या दिसतात. पहिल्याच वेळी कळ आलेल्या रुग्णात एकट्या एक्स-रेवर विसंबणे धोक्याचे. त्याची खरी जागा नंतरची : खडा एकदा नक्की झाला आणि एक्स-रेवर दिसतो हे कळले, की तो खाली सरकतोय का हे कमी खर्चात पाहायला तो चांगला. कधीकाळी शिरेतून औषध देऊन काढायचे एक्स-रे, म्हणजे आयव्हीपी, ही मुतखड्याची प्रमुख तपासणी होती. आता तातडीच्या वेळी तिचे काम उरलेले नाही.

आयव्हीपीला मागे सारले ते सीटी स्कॅनने. सीटीचे निर्माते हाउन्सफील्ड यांचे यंत्र १९७१ साली पहिल्या रुग्णावर चालले आणि १९७९ साली त्यांना कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळाले; पण मुतखड्यासाठी त्याचा वापर रुळला तो १९९०च्या दशकाच्या मध्यावर, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी शिरेतून औषध न देता केलेला साधा सीटी कुशीच्या कळीवर किती अचूक ठरतो हे दाखवल्यावर. त्यात जवळजवळ सगळे खडे दिसतात, युरिक आम्लाचेही. आकार आणि जागा मिलिमीटरपर्यंत कळते. हाउन्सफील्डच्या नावाने मोजल्या जाणाऱ्या एककांत खड्याची घनता मिळते, तिच्यावरून तो कशाचा असेल आणि बाहेरून लहरींनी फोडता येईल का याचा अंदाज बांधता येतो. खडा नसेल तर अपेंडिक्स, धमनी, आतडे दिसते. शिरेतून औषध द्यायचे नसल्याने क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबावे लागत नाही. जिल्ह्यातल्या रेडिओलॉजीच्या चिठ्ठ्यांवर ‘प्लेन सीटी केयूबी’ (केयूबी म्हणजे मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय) असे लिहिलेले असते, ती हीच तपासणी.

एवढी चांगली तपासणी सर्वांची का करू नये, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेने स्वतःवर प्रयोग करून दिले. तिथल्या आपत्कालीन विभागांत कुशीच्या कळीसाठी सीटीचे प्रमाण १९९६ साली ४ टक्के होते, ते २००७ साली ४२.५ टक्के झाले. दहापट. या काळात मुतखड्याच्या निदानाचे प्रमाण वाढले नाही, दुसरे गंभीर आजार जास्त सापडले नाहीत, दाखल होणाऱ्यांची संख्याही बदलली नाही. सीटी वाढला आणि निर्णय तेच राहिले.

मग २०१४च्या सप्टेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रिबेका स्मिथ-बिंडमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. पंधरा रुग्णालये, २७५९ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट : एकात आपत्कालीन डॉक्टरनेच केलेली सोनोग्राफी, दुसऱ्यात रेडिओलॉजी विभागातली सोनोग्राफी, तिसऱ्यात सीटी. सोनोग्राफीनंतर गरज वाटली तर सीटी करायला कोणालाही मोकळीक होती, आणि ही मोकळीकच या अभ्यासाचा कणा आहे. पहिल्या तीस दिवसांत गंभीर आजार निसटून त्यातून गुंतागुंत होण्याचे प्रमाण तिन्ही गटांत मिळून अवघे ०.४ टक्के आणि गटागटांत फरक नाही. आठवड्यानंतरची वेदना सारखी. पुन्हा रुग्णालयात येणे सारखे. सहा महिन्यांतला किरणोत्सर्ग मात्र सोनोग्राफीने सुरुवात झालेल्यांत सरासरी १० आणि ९ मिलिसीव्हर्ट, सीटीने सुरुवात झालेल्यांत १७. डॉक्टरने स्वतः सोनोग्राफी केलेल्या गटात सुमारे ४१ टक्के रुग्णांना पुढे सीटी लागला, रेडिओलॉजीच्या गटात २७ टक्क्यांना. म्हणजे निम्म्याहून जास्त रुग्णांचे सीटीवाचून भागले आणि कोणाचे नुकसान झाले नाही.

हे आकडे नगरला जसेच्या तसे लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती सगळी अध्यापन रुग्णालये होती आणि ज्यांच्याबद्दल दुसऱ्या गंभीर आजाराचा दाट संशय होता, ज्या गरोदर होत्या, ज्यांना एकच मूत्रपिंड होते किंवा जे फार लठ्ठ होते, त्यांना अभ्यासात घेतलेच नव्हते. पण ज्या मोठ्या गटाला तो लागू आहे, म्हणजे तरुण, ताप नसलेला, कळ औषधाने उतरलेला रुग्ण, तो गट नगरच्या ओपीडीत रोज येतो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना सांगितले, की पन्नाशीच्या आतला, एरवी निरोगी आणि आधी मुतखडा झालेला रुग्ण नेहमीच्या कळीने आला तर त्याचा सीटी टाळावा.

नेहमीच्या पद्धतीने केलेल्या पोटाच्या सीटीत सुमारे १० मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. माती, खडक, आकाश आणि हवा यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतो, म्हणजे एका स्कॅनमध्ये चार वर्षांचा. एका स्कॅनने कर्करोगाचा धोका फार थोडा वाढतो आणि गरज असेल तर त्याची भीती बाळगू नये. पण मुतखडा हा पुन्हापुन्हा येणारा आजार आहे. पंचविशीत पहिली कळ आलेल्या माणसाचे चाळिशीपर्यंत पाच-सहा सीटी झालेले असणे मुळीच अशक्य नाही, आणि ते कोणी मोजत नाही, कारण प्रत्येक वेळी रुग्णालय वेगळे असते. सीटीची गरज असेल तेव्हाही मुतखड्यासाठी कमी मात्रेची पद्धत आहे : चार मिलिसीव्हर्टच्या आत, तीन मिलिमीटरहून मोठे खडे जवळजवळ तेवढ्याच खात्रीने दिसतात. खड्याची घनता आजूबाजूच्या उतींपेक्षा इतकी वेगळी असते, की चित्र थोडे दाणेदार आले तरी चालते. लठ्ठ रुग्णात मात्र हे चालत नाही. यासाठी नवे यंत्र लागत नाही. यंत्रावर ती मात्रा निवडावी लागते आणि चिठ्ठीवर ‘लो डोस’ हे दोन शब्द लिहावे लागतात. लिहिणारे अजून थोडे आहेत.

आता ज्यांना सीटी लवकर हवाच ते रुग्ण. साठीच्या पुढचा, पहिल्यांदाच कुशीत कळ आलेला माणूस, विशेषतः रक्तदाब किंवा तंबाखूचा इतिहास असलेला : इथे धमनीचा फुगा नाकारल्याशिवाय मुतखडा म्हणू नये, आणि रक्तदाब पडला असेल तर त्याला सीटीच्या खोलीत नेण्याआधी खाटेवरच सोनोग्राफी करावी. मधुमेही रुग्ण ताप घेऊन आला तर मूत्रपिंडात वायू तयार करणारा भयंकर संसर्ग असू शकतो. सोनोग्राफीत तो वायू आतड्यातला वाटून फसवतो, सीटीत स्पष्ट दिसतो. एकच मूत्रपिंड, लघवी बंद होणे, औषधांनी न उतरणारी कळ, वाढते क्रिएटिनिन, सोनोग्राफीत जास्त सूज पण कारण सापडत नाही, आणि सगळी माहिती एकमेकांशी जुळत नाही असा रुग्ण. यांना थांबवू नये.

त्यातही ताप आणि तुंबलेले मूत्रपिंड ही जोडी सर्वांत वाईट. बंद जागेतला पू रक्तात उतरायला काही तास पुरतात. इथे खडा काढायचा नसतो. आधी वाट मोकळी करायची असते, आतून मूत्रवाहिनीत बारीक नळी, म्हणजे डीजे स्टेंट, टाकून किंवा पाठीतून नळी घालून. खड्याचे काम काही आठवड्यांनंतर. अशा रुग्णाच्या बाबतीत तालुक्यातला निर्णय कोणती तपासणी असा नसतो, तो कुठे पाठवायचे असा असतो. सोनोग्राफीत सूज आणि अंगात ताप एवढे पुरे आहे : पहिले प्रतिजैविक इथेच द्यायचे, १०८ची रुग्णवाहिका बोलवायची आणि जिथे मूत्ररोगतज्ज्ञ आहे तिथे फोन करून पाठवायचे. सीटी तिथे होईल. वाटेतल्या शहरात थांबून आधी स्कॅन करून घेण्याच्या नादात गेलेला दीड तास अशा रुग्णाला महागात पडतो.

गरोदर स्त्रीला सोनोग्राफीच पहिली. गर्भाशयाच्या दाबाने, विशेषतः उजव्या बाजूला, मूत्रपिंडात थोडी सूज सहाव्या-सातव्या महिन्यात एरवीही असते, त्यामुळे सूज दिसली म्हणजे खडा असे म्हणता येत नाही. उत्तर मिळाले नाही तर एमआरआय. कमी मात्रेचा सीटी अगदी शेवटी. लहान मुलांचेही तेच : आधी सोनोग्राफी, आणि तीत काही न सापडून संशय दाट राहिला तरच मुलाच्या वजनाला बेतलेला कमी मात्रेचा सीटी.

खर्चाचा विचार टाळता येत नाही. खासगीत सीटी सोनोग्राफीच्या कितीतरी पट महाग पडतो. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना दाखल रुग्णांच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रात्री बाहेरून केलेला स्कॅन बहुधा खिशातूनच जातो. मजुराच्या बाबतीत तो पैसा मुकादमाच्या उचलीत मिळवला जातो आणि पुढच्या हंगामापर्यंत फिटत नाही. एका अनावश्यक स्कॅनची ही किंमत कोणत्याही वैद्यकीय अभ्यासात मोजलेली नसते.

तो तिशीचा मजूर, ज्याची कळ इंजेक्शनने उतरली, ताप नाही, लघवीत रक्तपेशी आहेत, सकाळच्या सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाला हलकी सूज आहे आणि मूत्राशयाच्या तोंडाशी पाच मिलिमीटरचा ठिपका आहे, त्याला सीटी लागत नाही. त्याला वेदनाशामक गोळ्या लागतात, ताप किंवा थंडी वाजून आली, लघवी थांबली वा उलट्या थांबेनात तर लगेच परत यायचे हे त्याच्या भाषेत समजावणारा माणूस लागतो आणि पुढच्या तपासणीची तारीख लागते. गावाकडे त्याला पानफुटीची पाने, कुळथाचे कढण आणि बार्लीचे पाणी सांगितले जाईल. तहान भागेल एवढे पाणी ठीक. कळ चालू असताना तांबेच्या तांबे पाणी पिऊन किंवा बाटल्यांवर बाटल्या सलाइन चढवून अडकलेला खडा पुढे ढकलला जातो, याला पुरावा मिळालेला नाही.

पुढची तपासणी हीच सर्वांत जास्त चुकवली जाते. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे रुग्ण धरून चालतो. पण मूत्रपिंड पूर्ण बंद झाल्यावर काही दिवसांनी त्याचे मूत्र बनवणेच कमी होते, ताण उतरतो आणि दुखणे आपोआप शमते. मूत्रपिंड मात्र गुपचूप वाळत जाते. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या आत पुन्हा सोनोग्राफी करून सूज गेली का ते पाहायचे, खडा एक्स-रेवर दिसणारा असेल तर एक्स-रे काढायचा. फडातला माणूस तोवर दुसऱ्या कारखान्यावर गेलेला असतो, म्हणून चिठ्ठीवर तारखेसोबत खड्याची बाजू आणि आकार लिहून द्यावा, म्हणजे श्रीगोंद्याचा कागद कोपरगावात उपयोगी पडतो. आणि लघवी करताना मलमलचे फडके किंवा चहाची जुनी गाळणी वापरायला सांगावे. तांदळाच्या कणीएवढा, खरबरीत, तपकिरी दाणा त्यात सापडला तर तो कोरड्या डबीत ठेवून आणायचा. तो प्रयोगशाळेत जातो आणि खडा कशाचा होता ते कळते.